दिसत होतं

“हलायचं नाही हं दादा. नाक खाजलं तरी नाही आणि शिंक आली तरी नाही.”

“शिंक काय विचारून येते का ताई?” टेबलावर आडवा झालेला रंगारी डोळे गच्च मिटून म्हणाला. “आणि मी कुठे हलतोय? ही खोली हलतेय.”

“खोलीला मी दम देते. तुम्ही तुमचं डोकं सांभाळा.”

दाराशी उभी असलेली त्याची बायको तेवढ्या काळजीतही हसली. तिच्या हातात नवऱ्याची टोपी होती, रंगाच्या शिंतोड्यांनी कडक झालेली. सकाळी एका शाळेचं छत रंगवताना त्याला शिडीवर गरगरलं होतं. पडला नाही. कसाबसा खाली उतरला, भिंतीला धरून बसला आणि भडाभडा ओकला. तपासणाऱ्या डॉक्टरांना वाटलं, गडी उतरता उतरता डोक्यावर आपटला असेल आणि त्याला आठवत नसेल. आत रक्तस्राव नाही ना, एवढं बघून घ्या, अशी चिठ्ठी देऊन त्यांनी त्याला तळमजल्यावर सीटी स्कॅनच्या खोलीत धाडलं होतं.

त्याच्या कपाळावरून पट्टा आवळून, दोन्ही कानांशी स्पंजचे ठोकळे लावून ताई काचेपलीकडच्या खोलीत गेल्या. त्यांना ताई म्हणत ते फक्त पेशंट. बाकी हॉस्पिटलात, झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत, त्यांचं एकच नाव होतं: सासूबाई.

आता हे नाव पडलं कसं, तर मशीनमुळे. अठ्ठावीस वर्षं बाई त्या तळमजल्यावर होत्या. मशीन दोनदा बदललं, बाई त्याच. रोज सकाळी साडेसातला यायचं, स्वेटर चढवायचा, कारण ती खोली मशीनला सोसावी म्हणून गार ठेवतात, माणसाला सोसो न सोसो. मग पाण्याने भरलेला एक बंद डबा टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढायचा. मशीन ठीक असेल तर पाण्याचा आकडा शून्य यायला हवा. चार-पाचने इकडेतिकडे झाला की बाईंची तणतण सुरू. “उठल्यापासून तोंड वाकडं आहे आज हिचं! काल रात्री काय खाल्लंस गं?” एकदा वॉर्डबॉयने हे ऐकलं आणि तो म्हणाला, अहो, ही तर मशीनची सासू! झालं, चिकटलं. मशीन बंद पडलं की लोक येता-जाता म्हणायचे, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. घरी त्यांना सून नव्हतीच. एक लेक, ती लग्न होऊन लांब गेलेली. पण त्यांचे यजमान, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन, डबा द्यायला आले की सगळे त्यांना सासरेबुवा म्हणून हाक मारत, आणि तेही ओ देत.

फोटोत मशीनच्या चुकीने काहीबाही उमटतं. कड्या उमटतात, रेघा उमटतात, नसलेल्या सावल्या दिसतात. डॉक्टर त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. सासूबाई म्हणत नखरा. आणि नखरा ओळखावा तर त्यांनीच. एकदा एका बाळंतिणीच्या डोक्यात पांढरट गाठ दिसली होती. दोन डॉक्टर गंभीर झाले, नवऱ्याला बाजूला घेऊन बोलायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, जरा थांबा. आत गेल्या आणि मशीनच्या गोल तोंडात, जिथून किरण बाहेर पडतात त्या पारदर्शक पट्टीवर बोट फिरवलं. आधीच्या पेशंटला दिलेल्या, फोटोत पांढरं उमटणाऱ्या औषधाचा एक थेंब तिथे वाळून बसला होता. स्पिरिटने पुसला, पुन्हा फोटो काढला, गाठ गायब. त्या दिवसापासून रिवाजच पडला. संशयास्पद काही दिसलं की बडे डॉक्टर, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, खुर्ची मागे सरकवून विचारायचे, “काय सासूबाई, खरं की नखरा?” आणि बाई जे म्हणतील ते होई.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. टेक्निशियनने फोटो काढायचा, डॉक्टरने वाचायचा, असंच लिहिलेलं होतं. पण घर काय लिहिलेल्यावर चालतं?

तर रंगाऱ्याचे फोटो यायला लागले. मध्येच त्याला उमासा आला, पट्ट्याखाली डोकं हललं आणि दोन चित्रांवर रेघा ओढल्यासारख्या झाल्या. त्या दिवशी वाचायला नवी डॉक्टर होती. आठ महिन्यांपूर्वी लागलेली, हुशार, पण अजून सही करण्याआधी पेनचं टोपण दोनदा लावणारी आणि काढणारी.

“सासूबाई, हे काय?” तिने कवटीच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. तिथे तीन-चार पांढरेशुभ्र कण चमकत होते. “काचेचे तुकडे? की हाडाचा टवका उडालाय?”

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. “रंगारी आहे ना तो?”

“हो. मग?”

“मग बसा जरा.”

त्या आत गेल्या, ओल्या कापसाने रंगाऱ्याचे केस चोळले, आणि परत येऊन कापूस टेबलावर ठेवला. त्यात पांढऱ्या तेली रंगाचे वाळके कण होते. जुन्या तेली रंगात धातूची भुकटी असते, ती फोटोत हाडासारखी उमटते. नवी डॉक्टर हसली, आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. “कमाल आहे तुमची!” सासूबाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

“आणि हे खाली?” डॉक्टरने चित्र पुढे सरकवलं. मागच्या बाजूला, लहान मेंदूत, उजवीकडे करडा काळपटपणा होता.

“तोही नखराच. कानामागची हाडं बघा केवढी जाड. त्यातून जाताना किरण दमतात, मग मध्ये काळा पट्टा पडतो. प्रत्येक डोक्यात पडतो.”

“ते माहीत आहे हो. पण एकाच बाजूला जास्त वाटतोय.”

“मान तिरकी होती. वर हललाही.”

“मग हनुवटी खाली घेऊन पुन्हा काढू या का? तेवढ्याच भागाचे?”

सासूबाईंनी काचेतून पाहिलं. रंगाऱ्याची बायको त्याच्या तोंडाशी तबक धरून उभी होती आणि तो पुन्हा ओकत होता. बाहेर बाकावर सात माणसं होती, त्यात एक म्हातारी कण्हत होती. आणि विनाकारण किरण मारू नयेत हे तर बाईंचं ब्रीदच. दुसऱ्यांदा फोटो काढायला लावणाऱ्या डॉक्टरांशी त्या भांडल्या होत्या.

“कशाला त्या बिचाऱ्याला पुन्हा भाजायचं? रक्त नाही, हाड मोडलेलं नाही. नखरा आहे डॉक्टर. माझं ऐका.”

डॉक्टरने पेनचं टोपण काढलं आणि ऐकलं.

“घरी न्या वहिनी यांना,” सासूबाईंनीच बाहेर येऊन सांगितलं. “डोक्यात काही नाही.”

“ते मी लग्नापासून सांगतेय,” बायको म्हणाली, आणि रंगारीसुद्धा, तसा पांढराफटक, भिंतीला धरून हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला पुन्हा आणलं. स्ट्रेचरवर. डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर फक्त घशातून आवाज. या वेळी त्याला हलू नका म्हणून सांगावं लागलं नाही. बायको स्ट्रेचरला धरून पळत आली होती. सासूबाईंना पाहिल्यावर तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला, आणि बरोबरच्या परिचारिकेला ती म्हणाली, “याच बाई होत्या त्या दिवशी. यांनी नीट बघितलं होतं.”

सासूबाईंनी पट्टा बांधला. ठोकळे लावले. काचेपलीकडे आल्या आणि बटण दाबलं. उजवीकडचा लहान मेंदू सुजून काळा झाला होता आणि शेजारच्या सगळ्याला ढकलत होता. खरं की नखरा, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. तिथली रक्तवाहिनी तुंबली होती. आज नाही, शिडीवर गरगरलं तेव्हाच.

तासाभरात त्याला ऑपरेशनला नेलं. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

त्या दुपारी शेवटचा पेशंट झाल्यावर सासूबाईंनी दार ओढून घेतलं आणि पहिल्या दिवसाचे फोटो उघडले. पट्टा होता. या हाडापासून त्या हाडापर्यंत, सरळ, नेहमीसारखा. आणि त्याच्या खाली, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेला, स्वतःची कड असलेला तो काळपट तुकडा होता. पट्ट्याला अशी कड नसते. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच घोकून घोकून शिकवलं होतं: संशय आला की डोकं वळवा आणि पुन्हा काढा. मशीनचा दोष असेल तर तो जागा सोडतो. माणसाचं दुखणं असेल तर ते माणसाबरोबर वळतं. एवढी साधी गोष्ट. पाच मिनिटांची. ती पोरगी म्हणत होती आणि आपण नको म्हटलं. का? तर रंगाचे कण ओळखले म्हणून हुरळलो होतो. एकदा बरोबर आलं की दुसऱ्यांदाही बरोबरच, अशी गुर्मी. सासूबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या गार खोलीत बसून ओक्साबोक्शी रडल्या, आणि मग तोंड धुऊन घरी गेल्या.

आठवड्याने चौकशीचा कागद आला. नव्या डॉक्टरच्या नावाने. रिपोर्टवर सही तिची होती: “विशेष दोष आढळला नाही.” सासूबाईंचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

जेवणाच्या सुटीत डॉक्टर जिन्याच्या खालच्या पायरीवर एकटीच बसलेली त्यांना सापडली. डबा उघडलेला, पण तसाच.

“तुम्ही लेखी काय दिलंत?” सासूबाईंनी विचारलं.

“जे झालं ते. मला पट्टा वाटला म्हणून मी सोडून दिलं.”

“तुम्हाला वाटला? अगं, तुला कुठे वाटला होता? तू तर पुन्हा काढू म्हणत होतीस!” बाई अहो-जाहो विसरल्या.

“सही माझी आहे सासूबाई.”

“आणि जीभ माझी होती. माझं नाव का नाही घेतलंस?”

डॉक्टर डब्याचं झाकण लावत राहिली. “घेऊन काय होणार? उलट विचारतील, डॉक्टर तुम्ही का त्या? टेक्निशियनच्या सांगण्यावर सही केली म्हटलं तर मी आणखीच गेले.” मग तिने डबा बाजूला सारला. “आणि मला कळायला हवं होतं हो. मला दिसत होतं.”

सासूबाई सुटी संपेपर्यंत तिच्या शेजारी बसल्या.

संध्याकाळी घरी सासरेबुवा इस्त्रीची वायर दुरुस्त करत होते. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी स्क्रू फिरवणं थांबवलं नाही.

“तुला बोलावलंय?”

“नाही.”

“तुझी सही आहे कुठे?”

“नाही.”

“मग हे हात दाखवून अवलक्षण कशाला? चार महिने राहिलेत निवृत्तीला. गपगुमान काढ.”

“पण बोलले मीच ना?”

“बोललीस. तो गेलेला परत येणार आहे का त्याने?”

“तो नाही यायचा,” सासूबाई म्हणाल्या. “पण ती पोरगी जिवंत आहे. तिच्या मानेवर माझं ओझं ठेवून मी हार-नारळ घेऊन घरी यायचं का? कसा घास उतरेल माझ्या घशाखाली?”

सासरेबुवांनी वायर बाजूला ठेवली. बायकोला त्यांनी आयुष्यभर मशीनशी भांडताना ऐकलं होतं. स्वतःशी भांडताना पहिल्यांदाच ऐकत होते. “जा मग,” ते म्हणाले. “पण स्वेटर काढून जा. तिसऱ्या मजल्यावर उकडतं.”

तिसऱ्या मजल्यावर खरंच उकडत होतं. लांब टेबलामागे अधीक्षक होते, शेजारी बडे डॉक्टर, आणि टोकाला लिहून घेणारा कारकून. नवी डॉक्टर समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. सासूबाई न बोलावता आत गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रंगाचे कण, पट्टा, पुन्हा काढू या म्हणणारी डॉक्टर आणि नको म्हणणाऱ्या आपण. काही गाळलं नाही. हुरळलो होतो, हेसुद्धा सांगितलं.

कारकुनाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं. तो अधीक्षकांकडे बघत होता.

अधीक्षक समजुतीने बोलले. वाईट माणूस नव्हता तो. “बाई, फोटोवर मत देणं हे टेक्निशियनचं काम नाही. तुम्ही मत दिलंत असं मी लिहिलं, तर तो वेगळा नियमभंग होतो, त्याची वेगळी चौकशी. आपण इथे रिपोर्टबद्दल बोलतोय. रिपोर्टमध्ये तुम्ही नाही.”

“पण होते मी तिथे.”

“तिथे असाल. रिपोर्टमध्ये नाही.”

सासूबाई बड्या डॉक्टरांकडे वळल्या. “तुम्ही सांगा ना साहेब. वीस वर्षं तुम्ही मला विचारत आलात. खरं की नखरा, कोण म्हणायचं?”

बड्या डॉक्टरांनी समोरचे कागद सारखे केले. एकदा केले, पुन्हा केले. “गमतीत बोलायचो आपण सासूबाई,” ते म्हणाले. “ती काही पद्धत नव्हती.”

ती बाळंतीण गमतीत वाचली होती का? अठ्ठावीस वर्षांत शेकडो वेळा जे बरोबर सांगितलं ते गंमत होतं, आणि एकदा चुकीचं सांगितलं तेही सांगितलंच नव्हतं, असं कसं? चांगल्याला जागा नाही ते एक वेळ सोसता येतं. पण वाइटालाही नाही?

“लिहा तुम्ही,” सासूबाई कारकुनाला म्हणाल्या. “मी सांगतेय ना, लिहा.”

“बाई, जा आता तुम्ही,” अधीक्षक हळूच म्हणाले. “तुमचे थोडे महिने राहिलेत.”

नव्या डॉक्टरने मान वर केली. तिने बाईंकडे पाहून नको अशी खूण केली. सासूबाई खाली आल्या. बाकावर पेशंट बसले होते. त्यांनी स्वेटर चढवला आणि पहिल्याचं नाव पुकारलं.

डॉक्टरला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिने एकटीने सही करायची नाही असं ठरलं. नोकरी वाचली. पण ती आता हसत नसे, आणि प्रत्येक चित्रावर थांबे. “सासूबाई, हे काय वाटतं?” तिने एकदा सवयीने विचारलं. “मला नाही कळत,” सासूबाई म्हणाल्या. “पुन्हा काढते.” आणि काढले. सकाळी पाण्याचा आकडा चुकला तरी त्या आता मशीनला काही बोलत नसत, तक्रारवहीत लिहीत. वॉर्डबॉयने एकदा मुद्दाम काढलं, काय, सुनेशी अबोला का? त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. त्याला बिचाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटलं.

महिना-सव्वा महिना गेला असेल. दुपारची वेळ होती. दारावर टकटक झाली आणि रंगाऱ्याची बायको आत आली. वाळली होती. हातात नोंदणीच्या खिडकीवरची चिठ्ठी होती.

“फोटो घ्यायचे होते बाई. दोन्ही वेळचे. ते म्हणाले खाली मिळतील.”

सासूबाईंनी कपाटातून दोन मोठी पाकिटं काढली. चिठ्ठीवर तिची सही घेतली. तिने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. सासूबाईंनी पाकिटं पुढे केली, आणि तिने धरली तरी त्यांच्या हातून ती सुटेनात.

“वहिनी, बसा जरा.”

“नाही हो, मुलगी बाहेर फाटकाशी थांबलीय.”

“दोनच मिनिटं. तुम्हाला वर काय सांगितलं? पहिल्या फोटोबद्दल?”

“तेच. की असं असतं म्हणे. पहिल्या पहिल्यांदा काही दिसतच नाही. नशीब, दुसरं काय.”

“दिसत होतं,” सासूबाई म्हणाल्या.

तिने पाकिटं सोडली.

“दिसत होतं वहिनी. डॉक्टरांना शंका आली होती. पुन्हा फोटो काढू म्हणत होत्या त्या. मी नको म्हटलं. मी म्हटलं, हा मशीनचा दोष आहे, यात काही नाही. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सही केली. त्याच दिवशी ठेवून घेतलं असतं तर वाचले असते की नाही, हे मला सांगता येत नाही. कदाचित वाचले असते. पण घरी न्या, हे मीच सांगितलं तुम्हाला. त्या दाराशी उभं राहून.”

आरडाओरडा होईल, ती अंगावर धावून येईल, काय वाटेल ते बोलेल, याची सासूबाईंनी मनाची तयारी केली होती. यातलं काही झालं नाही. ती स्टुलावर बसली.

“कुठे होतं? दाखवा.”

सासूबाईंनी फिल्म काढून दिव्याच्या पेटीवर लावली आणि बोट ठेवलं. तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“एवढंसं?”

“एवढंसं.”

“दुसऱ्या दिवशी ते म्हणत होते, डोकं फुटतंय,” ती फिल्मकडे बघतच बोलू लागली. “मुलगी म्हणाली, आई, पुन्हा नेऊ या बाबांना. मी म्हटलं, कशाला? फोटो काढलाय, रिपोर्ट कोरा आहे. त्यांना म्हटलं, नाटकं पुरे झाली आता, उद्यापासून कामावर जा. नाटकं म्हटलं मी.” तिने पदराने तोंड दाबलं, आणि मग तो काढून पुन्हा बोलली. “तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही. एका घरात राहतो, पण ताट वाढून ठेवते आणि निघून जाते. तिला वाटतं मी मारलं. मलाही तसंच वाटतं.”

“तुम्ही नाही हो वहिनी.”

“हे मला नका सांगू.” ती उठली. तिचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. “मला सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल. तिला सांगा. बाहेर उभी आहे ती. माझ्यासमोर सांगा.”

सासूबाईंनी वळून पाहिलं. नवी डॉक्टर पलीकडच्या दारात कधीची येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. “मी बघते इथलं,” ती म्हणाली.

जिना चढून, नोंदणीच्या रांगेतून वाट काढत दोघी फाटकाशी आल्या. वीस-बावीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. वडिलांचाच चेहरा. आईची चाहूल लागली तशी ती न वळताच चालायला लागली.

“थांब गं,” सासूबाई म्हणाल्या. “मी इथे स्कॅन काढते. तुझ्या बाबांचा मीच काढला होता.”

मुलगी थांबली. सासूबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, मध्येच आवाज चढवावा लागत होता. जाणारे-येणारे बघत होते. फाटकावरचा पहारेकरी त्यांना ओळखत होता. तोही कान देऊन ऐकत होता. “तुझ्या आईला मीच सांगितलं होतं की काही नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिची चूक असेल तर तेवढीच.”

“महिना होऊन गेला,” मुलगी म्हणाली. “तेव्हा का नाही सांगितलंत?”

“वर चौकशीत सांगितलं. तुमच्या दारात यायचा धीर झाला नाही.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते सासूबाईंना पुरतं कळलं. त्यांनी डोळे खाली घेतले नाहीत. मग मुलगी आईकडे वळली. आई पाकिटं छातीशी धरून उभी होती, परक्या दारात उभं राहावं तशी. मुलीने हात पुढे करून तिच्या हातातली पाकिटं घेतली, आपल्या काखेत धरली आणि दुसऱ्या हाताने आईचं कोपर धरलं.

“चल,” ती म्हणाली. “ऊन आहे.”

दोघी रस्त्याच्या कडेकडेने निघाल्या. त्यांच्यापैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही, आणि पाहावं असं काही नव्हतंही. वळणापाशी त्या दिसेनाशा झाल्यावर पहारेकऱ्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं. “बसा बाई जरा,” तो म्हणाला. सासूबाई बसल्या नाहीत. खाली बाकावर चार पेशंट होते.